सत्तावीस अंशांची दुपार

१

रविवारी ऊन कलायला लागलं होतं, तेव्हा तो फोन वाजला. वाजला कसला, केकाटलाच.

पडेगावच्या पुढं, दौलताबाद रस्त्यापासून थोडं आत, तनुजा तुपे यांचं चॉकी सेंटर, म्हणजे रेशीमकिड्यांचं पाळणाघर, आहे. तिथल्या ओट्यावर रत्नमालाबाई तुतीची पानं बारीक कापत बसल्या होत्या. सेंटरचा मोबाईल त्यांच्या मांडीशीच पडलेला होता. त्यांनी वाकून पाहिलं तर पडद्यावर आतल्या खोलीच्या तापमानाचा लाल आकडा लुकलुकत होता : अडतीस.

विळी बाजूला सारून त्या धावल्या. चपला काढल्या, उंबऱ्याशी ठेवलेल्या चुन्यात पाय बुडवले आणि संगोपनाच्या खोलीचं दार उघडलं. आतून भट्टीसारखी झळ तोंडावर आली. कूलर गप्प होता. मांडणीवर एकावर एक रचलेल्या ट्रेंमध्ये रेशमाचे कोवळे किडे पानं खात असले, की खोलीत रिमझिमीसारखा बारीक आवाज भरून असायचा. तो आवाज नव्हता. वरच्या सगळ्या ट्रेंमधले किडे माना टाकून पडले होते. तळच्या रांगांमध्ये काय ती वळवळ उरली होती.

अंड्यातून निघालेला रेशीमकिडा इतका नाजूक असतो, की शेतकऱ्याच्या शेडमध्ये तो तगत नाही. म्हणून पहिले काही दिवस त्याला अशा सेंटरवर सांभाळायचं, सत्तावीस अंशांत, दमट हवेत, आणि अंगात जरा धर आला की शेतकऱ्यांच्या हवाली करायचं. ही खेप वैजापूरकडच्या शेतकऱ्यांना जायची होती. त्यांनी तुती राखून ठेवली होती, शेड धुऊन ठेवली होती.

सोमवारी ते शेतकरी सेंटरवर जमले. सगळ्यांसमोर तनुजांचा दीर सोमनाथ बोलला.

"बाई झोपली असंल. कूलरचा आवाज नको म्हणून बंद केला, अन् आता मशीनवर ढकलू राह्यली."

"म्या नाय बंद केला," रत्नमालाबाई म्हणाल्या. "दुपारभर फोनवर सत्तावीसच होतं. म्या घडीघडी पाहात होते. सत्तावीस, सत्तावीस, अन् मग एकदम अडतीस."

लोक एकमेकांच्या तोंडाकडं बघायला लागले. बंद खोली हळूहळू तापते. ती अशी एका उडीत अकरा अंश चढत नाही. थाप मारायची तर निदान पटेल अशी तरी मारावी, असं कुणीतरी पुटपुटलं.

तनुजांनी मान खाली घातली. मग त्या म्हणाल्या, "रत्नमालाबाई, उद्यापासून येऊ नका."

दुसऱ्या दिवशी रत्नमालाबाई आल्या. फाटकाच्या आत मात्र त्यांनी पाऊल टाकलं नाही. बाहेरच्या लिंबाखाली पदर डोक्यावर ओढून त्या बसून राहिल्या. तिसऱ्या दिवशीही तेच.

२

श्रीनिवास वालूरकर यांनी सगळी नोकरी दूरसंचार खात्यात काढली होती. कुणाचा फोन मुका झाला, कुणाच्या फोनवर शेजारच्याचं बोलणं ऐकू येतं, कुठं जमिनीखाली केबल सडली, हे शोधत त्यांनी मराठवाडा पालथा घातला होता. निवृत्त झाल्यावर हे सगळं संपलं असं ते धरून चालले होते. बुधवारी सकाळी त्यांचा भाचा देवेश दारात उभा राहिला, तो रात्रभर न झोपल्यासारखा दिसत होता.

"मामा, तुम्ही चला. सेंटरवरची सगळी यंत्रणा मी बसवलीये. माझं स्वतःचं असं हे पहिलंच काम. मी सगळं तपासलं, काही म्हणजे काही सापडत नाही. ती बाई खोटं बोलत नसेल तर माझं यंत्र खोटं बोललंय. आणि यंत्र तर ठणठणीत आहे."

"मला तुझ्या यंत्रातलं काय कळतं रे?"

"काही नाही. म्हणूनच चला. मला सगळं कळतं असं वाटतं, तिथंच घोटाळा होतोय."

श्रीनिवासरावांनी सेंटरच्या आत जायच्या आधी स्कूटर लिंबाखाली उभी केली. खाली बसताना त्यांचे गुडघे वाजले.

"बाई, मी देवेशचा मामा. रविवारचं सांगता का मला? पहिल्यापासून."

रत्नमालाबाईंनी त्यांना नीट न्याहाळून घेतलं. "तुम्ही बी इचारणार का, झोपले होते का म्हणून?"

"नाही. मी विचारणार आहे, फोनवर काय दिसत होतं."

त्या जरा सैल झाल्या. "दुपारी लाईट गेली. लाईट गेली की फोनवर 'संपर्क नाही' असं येतं, तसं आलं. म्हणलं, येईल लाईट. थोड्या वेळानं फोनवर सत्तावीस आलं."

"म्हणजे लाईट आली?"

"नाय ना! लाईट नव्हतीच. मव्हा पंखा बंद होता ना डोक्यावरचा. पण सत्तावीस आलं. मला वाटलं, देवेशदादानं मशीनला बॅटरी बसवली असंल. मग लाईट आली, पंखा फिरला. कूलर काय सुरू झाला नाय. पण सत्तावीस असल्यावर तो बंदच असतो. मग दार कायले उघडू? घडीघडी दार उघडायचं नाय, रोग जातो आत, असा तनुजाताईंचाच दंडक हाये."

"मग अलार्म झाला."

"अचानक. म्या आत पळाले, ताईला फोन केला. हातातलं पाटीभर पान खाली ठेवते न ठेवते तं ताई फाटकात. त्या बी रडू लागल्या."

श्रीनिवासराव उठून आत गेले. देवेशला त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"खोलीतल्या कंट्रोलरला बॅटरी आहे?"

"नाही. ऑफिसला इन्व्हर्टर आहे. कॉम्प्युटर, राउटर आणि गेटवे त्याच्यावर चालतात. खोलीतला कंट्रोलर थेट लाईटवर आहे. लाईट गेली की तो मेला."

"मग मेल्यावर तो सत्तावीस कसा म्हणत होता?"

देवेश त्यांना तडक ऑफिसात घेऊन गेला.

३

ऑफिस म्हणजे एक लहानशी खोली. एक टेबल, कॉम्प्युटर, लोखंडी कपाट, भिंतीवर राउटर आणि त्याच्याशेजारी गेटवे म्हणतात ती काळी पेटी. श्रीनिवासरावांनी खुर्चीत बसून आधी नुसतं चहूकडं पाहिलं. खुर्चीच्या मागच्या भिंतीवर एक रिकामा खिळा होता. त्याच्याखाली चुना जरा उजळ होता, चौकोनी. कपाटावर खतांच्या दुकानाचं कॅलेंडर पालथं पडलेलं होतं.

"आता मला असं समजाव की मी काल जन्मलो," ते म्हणाले.

देवेशनं समजावलं. खोलीतला कंट्रोलर तापमान मोजतो. गेटवे त्याला सारखा विचारत राहतो, किती? तो सांगतो, इतकं. अठ्ठावीसच्या वर गेलं की गेटवे कूलर चालू करतो, आणि तोच आकडा फोनवर पाठवतो.

"आणि हा कॉम्प्युटर?"

"त्याचा याच्याशी काही संबंध नाही. तो माझ्या चाचण्यांसाठी." देवेश अडखळला. "म्हणजे असं, कंट्रोलरचं नवं सॉफ्टवेअर लिहिलं आणि ते थेट खोलीतल्या डबीत टाकलं, आणि बिघडलं, तर किडे मरतील. म्हणून मी कॉम्प्युटरच्या आत एक कंट्रोलर चालवतो. कॉम्प्युटर लागला की तोही आपोआप चालू होतो. सिम्युलेटेड. डबी नाही, सेन्सर नाही, काही नाही. पण सॉफ्टवेअरला वाटतं, आपण खऱ्या डबीतच आहोत."

श्रीनिवासरावांनी कॉम्प्युटरच्या मागं वाकून पाहिलं, जणू तिथं काही लपलेलं असावं. "म्हणजे आहे, पण नाही."

"हो."

"त्याला तापमान कसं कळतं? सेन्सर नाही म्हणतोस."

"मी भरून दिलंय तेच तो सांगतो. सत्तावीस अंश, दमटपणा पंच्याऐंशी टक्के. कायमचं तेवढंच."

"सत्तावीस," श्रीनिवासराव म्हणाले.

"मामा, माझ्याही डोक्यात आलं ते! पहिल्यांदा तेच आलं. पण तो बाहेर बोलूच शकत नाही. तो कॉम्प्युटरच्या आडोशाला आहे. त्याला बाहेर हाक मारता येते, पण बाहेरच्या कुणाला तो दिसत नाही, त्याला कुणी काही विचारू शकत नाही. हे बघा."

त्यानं पडद्यावर काहीबाही लिहिलं. आतला कंट्रोलर पडद्यावर आला, सत्तावीस, सत्तावीस असं ओळीनं लिहीत होता. देवेशनं सेंटरचा मोबाईल पुढं धरला. त्यावर सव्वीस होतं, खऱ्या खोलीतलं. त्यांनी वाट पाहिली. देवेशनं मग खोलीतल्या कंट्रोलरची लाईट बंद करून पाहिली. फोनवर 'संपर्क नाही' आलं आणि तेच राहिलं.

"बघितलंत? तो कोंडलेला आहे."

श्रीनिवासरावांना वाटलं होतं की दोरीचं टोक हाताला लागलं. ते टोक कशालाच बांधलेलं नव्हतं. सत्तावीस म्हणणारा एकजण होता खरा, पण तो बंद पेटीत होता आणि पेटीला कुलूप होतं.

४

सोमनाथ तुपे विहिरीवर मोटारीचा स्टार्टर उघडून बसला होता. त्याला ही जागा लग्नाच्या लॉनसाठी द्यायची होती, हे सगळ्या पडेगावला ठाऊक होतं. दौलताबाद रस्त्यावर एकामागून एक लॉन उभी राहात होती. तनुजांचा नवरा कृष्णा पुण्याला कंपनीत. तो काही बोलत नसे. पण तनुजांनी दिराला तोंडावर सांगितलं होतं, मी जिवंत असेपर्यंत सेंटर बंद होणार नाही.

"तुमचा तर फायदाच झाला म्हणायचा," श्रीनिवासरावांनी सरळच विचारलं.

सोमनाथनं पाना खाली ठेवला. "काका, तुम्ही वडीलधारे म्हणून ऐकून घेतो. लॉन पायजे मला, व्हय. पण किडे मारून? आमच्या वैनीनं ते लेकरावानी सांभाळलेत. अन् कूलर बंद करायला खोलीत जावं लागतं. त्या चुन्यात मव्हे पाय उमटले असते ना."

"रविवारी दुपारी कुठं होतात?"

"इथंच. लाईट नव्हती. मोटारीच्या पेटीची चावी ऑफिसात असते, ती आणायला गेलो. दार आतून लावलेलं."

"आतून?"

"कडी होती. अन् आत कुणीतरी बोलत होतं. बाप्याचा आवाज. शिकलेला माणूस बोलतो तसा, मधी मधी इंग्रजी. म्हणलं देवेश असंल, त्याचं काहीतरी चालू असंल. परत आलो."

"शब्द कळले?"

"नाय. दारातून काय कळतंय?"

"ऑफिसच्या किल्ल्या कुणाकुणाकडं आहेत?"

"एक मह्याकडं. एक वैनीकडं, पण ती त्या दिवशी वैजापूरला होती, आईचे डोळे दाखवायला. अन् एक," सोमनाथनं हात पुसले, "तुमच्या भाच्याकडं."

परत येताना श्रीनिवासरावांना पायाखालची वाट दिसत नव्हती. आतून कडी, शिकलेल्या पुरुषाचा आवाज, आणि तिथं तो कॉम्प्युटर, ज्यातलं देवेशखेरीज कुणाला काही कळत नव्हतं. बहिणीनं वाढवलेला, शाळेत असल्यापासून रेडिओ उघडून बसणारा मुलगा. काही तपासण्याच्या नादात त्यानंच काहीतरी केलं असेल आणि आता घाबरून मामाला पुढं केलं असेल तर? ज्याला सगळं कळतं तोच म्हणतो की काही सापडत नाही, हे जरा जास्तच झालं नव्हतं का?

५

त्यांनी त्याला ऑफिसात बसवलं आणि दार लावून घेतलं.

"रविवारी दुपारी तू कुठं होतास?"

"हर्सूलला. मित्राच्या साखरपुड्यात. मामा, तुम्ही मला..." त्याचा चेहरा उतरला. त्यानं खिशातून फोन काढून फोटो पुढं केले. जरीचे फेटे, पेढ्यांची ताटं, आणि मागच्या रांगेत अवघडून हसणारा देवेश.

श्रीनिवासरावांनी फोटो पाहिले, आणि त्यांना आपलीच लाज वाटली. पण लाजण्यात वेळ घालवून चालणार नव्हतं.

"बरं. आता आठवून सांग. तो आतला कंट्रोलर कधीतरी बाहेर काढायचा प्रयत्न केला होतास?"

"केला होता ना. मागच्या महिन्यात. गेटवेशी तो नीट बोलतो का, हे बघायचं होतं. त्यासाठी कॉम्प्युटरच्या आत एक पूल बांधावा लागतो, ब्रिज म्हणतात. पूल बांधला की आतला कंट्रोलर सगळ्या उपकरणांच्या पंगतीला येऊन बसतो. त्याला पत्ता मिळतो, कुणीही त्याला विचारू शकतं."

"मग?"

"चाललंच नाही. दोन दिवस डोकं फोडलं. मग कळलं, हा कॉम्प्युटर वाय-फायवर आहे, आणि वाय-फायवरून असा पूल सहसा चालतच नाही. त्याला वायर लागते. मग मी तो नाद सोडला आणि साधी पद्धत वापरली. आडोशाची."

"सोडला म्हणजे? पूल मोडलास?"

देवेशची बोटं टेबलावर थांबली.

"मोडला नाही," तो म्हणाला. "कॉम्प्युटरला वायर लावायच्या तोंडाशी तो तसाच आहे. पण वायर नव्हतीच ना तिथं. कुठंच न जाणारा पूल."

"आणि त्या कंट्रोलरचा पत्ता?"

"खऱ्याचाच. सॉफ्टवेअर मी तसंच्या तसं उचललं होतं, पत्त्यासकट."

श्रीनिवासरावांनी टेबलाचा खण ओढला. मग दुसरा. दुसऱ्यात एक निळी वायर होती, दोन्ही टोकांना नेटची पिन असलेली. ती घाईनं गुंडाळून कोंबल्यासारखी होती.

"ही तुझी?"

"राउटरबरोबर आलेली. मी कधी काढलीच नाही ती खोक्यातून."

"आता काढ."

देवेशनं आधी कूलर हातानं चालू करून ठेवला. मग खोलीतला कंट्रोलर बंद केला. फोनवर 'संपर्क नाही' आलं. मग त्यानं निळ्या वायरचं एक टोक राउटरला लावलं, दुसरं कॉम्प्युटरच्या पाठीत खुपसलं. दोघंही फोनकडं बघत उभे राहिले.

काहीच झालं नाही. श्रीनिवासरावांनी श्वास सोडला, आणि तेवढ्यात आकडा आला.

सत्तावीस.

"आता खोलीतला चालू कर."

खोलीतल्या कंट्रोलरचा दिवा लागला. तरी फोनवर सत्तावीसच. देवेशनं कपाळाला हात लावला. "खरा जागा झाला, पण आपल्या पत्त्यावर दुसरंच कुणी बसलंय, हे त्यानं पाहिलं. असं झालं की तो गप्प बसतो. मधूनमधून बघत राहतो, जागा सुटली का."

"एसटीत खिडकीशी रुमाल टाकून चहाला जावं, आणि परत यावं तर दुसराच बसलेला."

"तसंच. रविवारी वायर लावली तेव्हा खरा चालू असेल, म्हणून हा गप्प राहिला. मग लाईट गेली, खरा उठला, यानं जागा धरली. लाईट परत आली तरी खरा उभाच. खोली तापत होती आणि हा म्हणत होता सत्तावीस. गेटवेनं कूलर लावलाच नाही."

श्रीनिवासरावांनी वायर उपटली. थोडा वेळ फोन मुका राहिला, मग सव्वीस उमटलं. खरं सव्वीस.

"रविवारी इथं सव्वीसऐवजी अडतीस उमटलं," ते म्हणाले. "एकदम. बाई म्हणाली तसं, अक्षरशः तसं."

देवेश भिंतीला टेकून खाली बसला. "पण वायर लावली कुणी?"

६

तनुजा तुपे संध्याकाळी ऑफिसात आल्या. श्रीनिवासरावांनी देवेशला थांबायला सांगितलं होतं. त्यांनी सगळं नीट, एकेक करून सांगितलं : पेटीत कोंडलेला कंट्रोलर, न मोडलेला पूल, निळी वायर. तनुजा लक्ष देऊन ऐकत होत्या. त्यांनी शेतीची पदवी घेतलेली होती, त्यांना दोनदा सांगावं लागलं नाही.

"म्हणजे रत्नमालाबाई झोपल्या नव्हत्या," त्या हळूच म्हणाल्या.

"नाही. आता राहिलं वायरचं. सोमनाथ दाराबाहेर होते, कडी आतून होती. देवेश हर्सूलला होता. रत्नमालाबाईंकडं किल्ली नाही."

तनुजांनी उघडा राहिलेला खण आत लोटला. श्रीनिवासराव पुढं म्हणाले,

"आतून पुरुषाचा आवाज येत होता. पण आवाज आला म्हणजे माणूस आत असलाच पाहिजे असं नाही. माझं सगळं आयुष्य त्यातच गेलं, आवाज इथं आणि माणूस भलतीकडं. कुणीतरी कॉम्प्युटरवर व्हिडिओनं समोरासमोर बोलत होतं. बोलणं मध्येच तुटू नये म्हणून वायर जोडली. आणि मागं खताच्या दुकानाची जाहिरात दिसायला नको म्हणून कॅलेंडर काढून ठेवलं. ते परत लावायचं मात्र राहून गेलं."

तनुजांनी मागं वळून रिकाम्या खिळ्याकडं पाहिलं.

"तुम्ही वैजापूरला होतात, असं सगळे म्हणतात. रत्नमालाबाईंनी फोन केला आणि हातातली पाटी खाली ठेवेपर्यंत तुम्ही फाटकात होतात. वैजापूर इतक्या जवळ कधी आलं?"

तनुजा खुर्चीत बसल्या, त्याच खुर्चीत.

"मुलाखत होती," त्या म्हणाल्या. "पुण्याच्या एका बियाण्याच्या कंपनीची. त्यांनीच कळवलं होतं, वाय-फाय नको, वायरनं जोडा. कृष्णा किती वर्षं एकटा राहतोय तिकडं. मी थकले होते हो. पण भावजींना तोंड वर करून सांगितलं होतं, सेंटर सोडणार नाही म्हणून. आणि या कामाच्या बाया... कुणाला कळलं असतं तर दुसऱ्या दिवसापासून सगळं मोडायला लागलं असतं. म्हणून वैजापूर सांगितलं, आणि मागच्या वाटेनं आले. मुलाखत चांगली झाली. वायर काढून खणात टाकली आणि निघाले. रस्त्यावरच्या रसवंतीवर बसले होते. इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं. तेवढ्यात फोन आला."

त्यांनी देवेशकडं पाहिलं. "म्हणजे मीच मारले ते. भिंतीपलीकडं ते मरत होते आणि मी इथं बसून सांगत होते, मला रेशमाचा किती अनुभव आहे."

"नाही ताई," देवेश म्हणाला. "पूल मी ठेवला होता. अर्धवट. तुम्ही नुसती वायर लावली. कुणालाही वाटेल, वायर लावल्यानं काय होतंय."

"किड्यांचं दोघांत वाटून घ्या," श्रीनिवासराव म्हणाले. "त्यातलं तुम्हाला दोघांनाही माहीत नव्हतं. पण 'त्या दुपारी मी ऑफिसात होते' एवढं तुम्ही सांगितलं असतं तर देवेशनं वायर सोमवारीच शोधली असती. बाहेर लिंबाखाली जी बसली आहे, तिचं वाटून घेता येणार नाही."

तनुजांनी मान हलवली. त्या उठल्या.

७

फाटकाशी काय बोलणं झालं ते श्रीनिवासरावांना तुटक तुटकच ऐकू आलं. तनुजा खाली मातीतच बसल्या होत्या. त्या बोलत होत्या आणि रत्नमालाबाई रस्त्याकडं बघत होत्या.

मग रत्नमालाबाईंनी विचारलं, "नोकरी लागली का मग?"

"अजून कळवलं नाही त्यांनी."

"लागली तं जाणार?"

"माहीत नाही मला. खरंच माहीत नाही."

"कळलं की आम्हाला सांगा. लोकाकडून नको कळायला." रत्नमालाबाईंनी गवताची काडी मोडली. "अन् झोपले म्हणून काढलंत, ते ज्यांच्यापुढं काढलंत त्यांच्यापुढंच फिरवा. मह्या एकटीपुढं नको."

शुक्रवारी शेतकरी पुन्हा जमले. तनुजा बोलल्या. वायर, पूल, मुलाखत, वैजापूरची थाप, काही म्हणता काही झाकलं नाही. मुलाखतीचं ऐकल्यावर सोमनाथ तरातरा विहिरीकडं निघून गेला. मागच्या रांगेतून मनकर्णाबाई नावाच्या म्हाताऱ्या शेतकरी बाई म्हणाल्या, "आमची तुती तं वाळली ना माय." पुढच्या खेपेचे किडे आधी या शेतकऱ्यांनाच द्यायचे, एवढं ठरलं. पण वाळलेलं वाळलंच.

लोक पांगल्यावर श्रीनिवासराव स्कूटरकडं निघाले. रत्नमालाबाई ओट्यावर पानं कापत होत्या. वाचलेल्या ट्रेंना पानं घालायची वेळ झाली होती. लिंबाखाली पहिल्यांदा बोलल्यापासून एक गोष्ट श्रीनिवासरावांच्या मनात घोळत होती. ते थांबले.

"बाई, एक विचारू? घरी का नाही गेलात? इथं उन्हात बसून काय मिळणार होतं?"

विळीवरचा हात थांबला.

"सगळेच म्हणू लागले, झोपली असंल," त्या म्हणाल्या. "ताईंनी बी तेच धरलं. घरी मालक म्हणले, दमली असशील, लागला असंल डोळा. रात्री पडले तं मलाच वाटू लागलं, लागला होता का? सत्तावीस पाह्यलं ते खरं पाह्यलं, का सपनात? तुम्हाला सांगते, दोन दिवसांत ती दुपार मव्ह्या हातातून सुटू लागली होती. घरी बसले असते तं म्या बी म्हणले असते, व्हय, झोपले होते."

त्यांनी पुढची जुडी उचलली.

"इथं येऊन बसलं, की आठवायचं. मग म्या इथंच बसले."